वेगळं मंडळ कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेकदा असाच येतो: ख्रिस्तात सगळे एक, मग अमेरिकेतल्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, आफ्रिकन वंशाच्या विद्यार्थ्यांचं वेगळं मंडळ कशाला?

थिओडोर सेजविक राइट यांनी १८२८ साली प्रिन्स्टन सेमिनरीतलं शिक्षण पूर्ण केलं. तिथून शिकून निघालेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. १८३६ साली ते तिथल्या कार्यक्रमाला गेले, तर भर सभेत त्यांना लाथा बसल्या. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव मिळालं २०२१ मध्ये. एकट्याच्या पाठीशी कुणीतरी लागतं, म्हणून मंडळ.

ते टिकवणं मात्र अवघड. पाळकपदाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. दरवर्षी साधारण तिसरा हिस्सा निघून जातो. निवडणूक एप्रिलअखेर ठेवली की जुने परीक्षेत अडकतात आणि नव्यांच्या हाती काहीच येत नाही. फेब्रुवारीही नको. तो तिथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. गायनाला, प्रवचनाला, चर्चेला त्याच चार मुलांना बोलावून दमवतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निवड करा आणि मेपर्यंत जुन्या-नव्यांनी जोडीने काम करा. निधीचा अर्ज कधी, खोलीची किल्ली कुणाकडे, हे वहीत उतरवून ठेवा.

खरी तेढ आतच असते. अमेरिकेतल्या अटलांटाची बाप्टिस्ट मुलगी आणि आफ्रिकेतल्या घानाचा प्रेस्बिटेरियन मुलगा एक नव्हेत; देश वेगळा, पंथही वेगळा. आपण ‘काळे’ आहोत हे त्याला तिथे उतरल्यावरच कळतं. आपल्या नाशिकजवळ शरणपूरला एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली, त्यांच्याही भाषा वेगवेगळ्या होत्या. म्हणून सचिव दोन हवेत: एक तिथे जन्मलेला, एक बाहेरून आलेला. वर्गणी ठेवू नका, परदेशी मुलांना ती जड जाते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातलं कामही आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येतं.

नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे तिथल्या कृतज्ञतेच्या सणाला, भोजनगृह बंद असतं आणि परदेशी मुलं खोलीतच उरतात. त्या दिवशी जोलोफ भात, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटोचा भात, शिजवा. २० जणांना २ किलो लांब दाण्याचा उकडा तांदूळ. टोमॅटो, लाल ढोबळी मिरची, कांदा वाटून तेल सुटेपर्यंत परता, मगच तांदूळ घाला. पाणी बेताचं, झाकणाखाली फॉइल, आच मंद. पाणी जास्त झालं की खिमट होतं. बुडाची खरपुडी मुद्दाम लागू द्यायची. नायजेरियाचा चांगला की घानाचा, हा वाद होऊ द्या. गप्प बसणारेही त्यात बोलतात. भांडी घासायच्या पाळ्या आधीच लावा, नाहीतर त्या दरवेळी पहिल्या वर्षाच्या मुलींवरच येतात.