गावचा दाखला परदेशात नेताना

भाचीचे यजमान सौदी अरेबियात नोकरीस असून तिला तिकडे जायचे आहे, म्हणून आज यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या ग्रामपंचायतीतून तिच्या विवाह नोंदणीचा दाखला घेतला. ग्रामसेवकांनी नोंदवही काढून दोघांची नावे पासपोर्टशी अक्षरशः ताडून पाहिली, याचे मला फार समाधान वाटले, कारण या टप्प्यावर राहिलेली चूक पुढे कोणीच दुरुस्त करत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून त्यावर दिले जाणारे प्रमाणपत्र, दाखल्यातील मजकुराची हमी देत नाही; सही, सही करणाऱ्याचे पद आणि शिक्का खरा आहे, एवढेच ते सांगते. आमच्या ग्रामसेवकांची सही दिल्लीस कोण ओळखणार? म्हणूनच आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाचे प्रमाणीकरण लागते.

एकमेकांचे अपॉस्टिल मान्य करणाऱ्या देशांच्या, हेग येथील 1961 च्या करारात भारत 2005 पासून आहे, आणि सौदी अरेबिया 2022 मध्ये आल्यामुळे तिच्या दाखल्यावर आता दूतावासाचा वेगळा शिक्का लागणार नाही. संयुक्त अरब अमिरात मात्र त्या करारात नाही, त्यामुळे दुबईस जाणाऱ्यांना दूतावासाची पायरी चढावीच लागते. कोणत्या देशाला काय लागते हे आधी विचारा. ‘सगळे करून देतो’ म्हणणाऱ्या दलालांना खेड्यातील माणसे हजारो रुपये देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मंत्रालयाचे अपॉस्टिल शुल्क अवघे 50 रुपये असून, अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकृत संस्थांचे सेवाशुल्क तेवढे वेगळे असते.