फुस्तातच्या उकिरड्यातलं आपलं कापड

लंडनबद्दल फार लिहीत नाही. पाऊस होता, रांगा होत्या, आणि ज्यांच्या घरी उतरले त्यांनी इतक्या मायेने खाऊ घातलं की हॉटेलात उतरणाऱ्यांची कीव यावी. मला ओढ होती ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियमची. कॉलेजांच्या दारांशी फोटोंसाठी ही झुंबड! म्युझियमच्या अभ्यासिकेत मात्र शुकशुकाट. वेळ आधी मागून घ्यावी लागते, प्रवेश फुकट.

तिथल्या बाईंनी जाड पुठ्ठ्यावर बसवलेला एक सुती तुकडा समोर ठेवला. गर्द निळा, त्यावर पांढरे हंस. रंग धरू नये म्हणून ठशाने लेप उठवायचा आणि कापड निळीत बुडवायचं, अशी ही छपाई. एका हंसाच्या पायाशी लेप तडकून निळा रंग आत झिरपला होता. कापड गुजरातचं, सापडलं मात्र जुन्या कैरोत, फुस्तातच्या उकिरड्यांत. गलबतातून तांबडा समुद्र, उंटांवरून नाईल, मग होडीने कैरो असा त्याचा प्रवास. कोरड्या हवेमुळे शेकडो वर्षं टिकलं.

भिंगातून सुताचा पीळ दिसतो. इजिप्तमध्ये सूत ज्या दिशेला पिळत, त्याच्या बरोबर उलट; म्हणजे सूत तिथलं नव्हे, आपल्याकडचं. इतका वेळ मी नक्षीच बघत होते. पीळ दिसला आणि डोळे भरून आले. कडेला शिवण होती, मधे जाड दोऱ्याने केलेलं रफू. म्हणजे हे फाटल्यावरही कुणीतरी वापरलं होतं. राजवाड्यांतल्या जरीपेक्षा मला हे रफू मोलाचं वाटतं. समुद्रापारचं छापील सुती कापड साध्या घरांतही पोचलं होतं, हे त्यातून कळतं.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पर्सी न्यूबेरी या इजिप्त-अभ्यासकाने जमवलेले असे सुमारे 1,200 तुकडे इथे आहेत, 1946 साली म्युझियमला मिळालेले. पण फुस्तातचे ढिगारे बहुतेक नोंदी न ठेवताच उपसले गेले आणि चिंध्या बाजारात विकल्या गेल्या. कुठल्या थरात, कुणाच्या घरामागे, कशासोबत सापडल्या, काही कळायला मार्ग नाही. काळ ठरवायला पुढे कार्बन चाचण्या कराव्या लागल्या. काही तुकडे तर हजारेक वर्षांपूर्वीचे निघाले. ते रफू कुणाच्या घरात झालं, हे मात्र कुठलीच चाचणी सांगणार नाही.