आमची वाटचाल : विनोदातून बायको वजा केल्यावर

गोव्यातल्या फोंड्यातले आमचे जाहिरातीचे दुकान वडिलांच्या ब्रशवर उभे राहिले. दुकानच म्हणते, कारण एजन्सी म्हटले की लोक काचेचा दरवाजा शोधत बसतात. वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे, जत्रेतल्या नाटकांचे फलक करायचे. मग फ्लेक्स आला आणि हाताने अक्षरे काढणाऱ्यांचे काम गेले. मी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करायला शिकले. बोर्डावरून आम्ही वर्तमानपत्रात, तिथून रेडिओच्या जिंगलमध्ये आणि आता मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत आलो. एवढे कुणाच्याही वाटचालीत वाचायला मिळते, म्हणून पुढे जाते.

आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाची मागणी ठरलेली असते: “बाय, कायतरी गमतीचे करा. लोक हसले पाहिजेत.” आणि गमतीचे म्हणजे काय, तर बायको. लाटणे घेऊन दारात उभी असलेली, साडीसाठी रुसलेली, माहेरी गेली की नवऱ्याला मोकळा श्वास देणारी, गाडी मागे घेताना कुंपण पाडणारी. दुकान हार्डवेअरचे असो की मिठाईचे, बायको तीच. एकदा मी सिमेंट, मिक्सर आणि मोबाइल रिचार्ज अशा तीन गिऱ्हाइकांनी लिहून आणलेल्या संहिता घेतल्या आणि त्यांतली मालाची नावे आपसांत बदलली. दुसरे एक वाक्यही बदलावे लागले नाही. माझा आक्षेप तिथून सुरू होतो. स्त्रियांचा अपमान होतो हे खरेच, पण दुकानदाराला ते सांगितले तर तो ‘मॅडम चिडल्या’ म्हणून हसतो. त्याऐवजी मी विचारते, या विनोदात तुमचा माल कुठे आहे? मग तो गप्प होतो.

एका ड्रायव्हिंग स्कूलचे मालक असेच आले होते. बाईने गाडी भिंतीवर घातली, अशी जाहिरात त्यांना हवी होती. मी त्यांचे प्रवेशाचे रजिस्टर मागवले. बहुतेक नावे बायकांची. फी भरणाऱ्यांचीच टिंगल करून नवी फी कशी मिळणार? मग मी काही सकाळी त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून आले. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो, ते पाहिले आणि काम झाले. व्हिडिओत परवाना मिळालेली बाई आरामात घाट उतरते आहे आणि शेजारी बसलेला नवरा नसलेला ब्रेक जीव खाऊन दाबतो आहे. खाली ओळ: ‘तुमच्या बाजूचा ब्रेक फक्त आमच्या गाडीत असतो.’ ही ओळ मिक्सरला चिकटवून दाखवा.

जमिनीच्या व्यवहारातल्या एका गिऱ्हाइकाला ‘बायकोला न विचारता करून टाका’ छापाची गंमत हवी होती. मुंबईत बेतलेला विनोद इथे उचलून आणला की असे होते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आहे. वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांच्या मालकीची होते आणि जमीन विकायची तर जोडीदाराची संमती लागते. विक्रीखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या असतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही घरात ऐकून माहीत असते. त्या जाहिरातीला लोक हसले असते, पण जाहिरात देणाऱ्याला.

आवाजाच्या कामात मला सर्वांत जास्त शिकवले ते नाटकातल्या एका बाईंनी. त्या गावच्या नाटकातून कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेपर्यंत गेलेल्या, पल्लेदार संवाद सहज पेलणाऱ्या. आमच्या स्टुडिओत मात्र त्यांच्या हातात कायम एकच सूचना पडायची: वरच्या पट्टीत, चिडून. शेवटी त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारले, “विनोदी वाक्य नेहमी त्याला आणि किंचाळणे मला, असे का?” तेव्हापासून संहिता हातात आली की मी आधी बघते, हसवणारे वाक्य कुणाच्या तोंडी आहे. अमूलची मुलगी १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि चित्रकार यूस्टेस फर्नांडिस यांनी आणली. ती इतकी टिकली, कारण टोमणा ती मारते. तिच्यावर कुणी मारत नाही.

आता उलटा प्रकारही येतो. ‘बायको नको तर नवऱ्याला मूर्ख करा’ म्हणतात. स्वयंपाकघर पेटवणारा नवरा. हसू येते, पण त्यातून ठरते काय, तर चूल शेवटी तिचीच. ब्रिटनमध्ये २०१९ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फिया चीजची एक जाहिरात अशाच कारणावरून बंद झाली. उपाहारगृहातल्या फिरत्या पट्ट्यावर बाळ विसरणारे बाप त्यात होते. कंपनीने गमतीचे कारण पुढे केले, ते चालले नाही. आपल्याकडे ॲस्की या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये लिंगभेदी साच्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. केवळ बाई म्हणून गाडी लावता येत नाही किंवा पुरुष म्हणून बाळाचे लंगोट बदलता येत नाहीत, असे दाखवू नका, हे त्यांत आहे. मी ते पान मराठीत करून टेबलाच्या काचेखाली घातले आहे. माझ्या बोलण्यापेक्षा छापील कागदाचे वजन जास्त पडते.

हट्ट धरून दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइकेही आहेत. ‘मारिओसारखे करा’ म्हणणाऱ्यांशी तर अजून वाद होतो. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या बाजाराच्या चित्रात गर्दीतल्या प्रत्येकाला स्वतःचा चेहरा असतो. यांना त्यातली फक्त घट्ट कपड्यातली सेक्रेटरी हवी असते.

सध्या चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची कामे चालू आहेत. मिठाईवाल्यासाठी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची चौकट, बांधणाऱ्या तीन पिढ्यांची भांडाभांडी लिहितो आहोत; सगळ्यांत खोडकर वाक्ये आजीला दिली आहेत आणि ती त्याच नाटकवाल्या बाई म्हणणार आहेत. दोन दुरुस्त्या फुकट करून देतो. तिसऱ्या दुरुस्तीत ‘लाटणे घाला’ म्हणायचे असेल तर आधीचे बिल चुकते करून मग म्हणावे.