ओवाळणीत मिळालेला ई-रीडर

चार वर्षांपूर्वी भाऊबिजेला भावाने ओवाळणी म्हणून ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तके वाचण्याचे उपकरण, दिला, तेव्हा मी तो आठवडाभर कपाटातच ठेवला होता. मी शाळेत मराठी शिकवते, आणि पुस्तक म्हणजे कागदच, ही माझी समजूत पक्की होती. मात्र चाळिशी लागल्यापासून जुन्या पुस्तकांचा बारीक टाइप रात्री दिव्याखाली वाचवेनासा झाला होता. दिवसभर उत्तरपत्रिका आणि परिपत्रके वाचून झाल्यावर स्वतःसाठी म्हणून उरणारे वाचन त्यामुळे जवळपास थांबले होते.

ते पुन्हा सुरू झाले बोरिवली ते दादर या लोकलच्या प्रवासात. अंधेरीनंतर महिला डब्यात पुस्तक उघडण्याइतकीही जागा उरत नाही. पण दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे हे उपकरण एका हातात मावते, दुसऱ्या हाताने कडी धरता येते आणि अंगठ्याच्या स्पर्शाने पान उलटते. खिडकीतून ऊन आले की मोबाइलचा पडदा दिसेनासा होतो, याची अक्षरे मात्र अधिकच ठळक होतात. याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत परस्परविरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण असतात. विद्युतक्षेत्र बदलले की त्यांतले काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि मग तिथेच राहतात. म्हणून वीज मुख्यतः पान उलटताना लागते, आणि कागदाप्रमाणेच बाहेरून पडलेल्या प्रकाशात आपण वाचतो. हे समजल्यावर माझ्या मनातली अढी बरीचशी गेली.

खरा आनंद अक्षर मोठे करण्यात आहे. देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार ओळीच्या वर जातात, उकार खाली उतरतात आणि जोडाक्षरे मध्ये दाटी करतात. त्यामुळे बारीक टाइपात डोळा अंदाजाने वाचू लागतो. अक्षर मोठे केले की एका ओळीत चार-पाचच शब्द मावतात, एखादे लांब वाक्य पडदाभर पसरते आणि स्वल्पविराम नेमका कुठे श्वास घ्यायला सांगतो ते दिसते. वर्षानुवर्षे शिकवलेल्या उताऱ्यांची लय मला अशी नव्याने ऐकू आली.

जुन्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून २०११ पासून त्यांचे साहित्य सर्वांना खुले आहे. परंतु अशी कितीतरी पुस्तके केवळ स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात मिळतात. ती पानांची छायाचित्रेच असल्यामुळे सहा इंचांच्या पडद्यावर त्यांचा टाइप मूळ पुस्तकाहूनही बारीक होतो, आणि पान मोठे केले तर प्रत्येक ओळीसाठी ते इकडून तिकडे सरकवावे लागते. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात स्वयंसेवक अशा पानांचे टंकन व मुद्रितशोधन करतात. तिथून ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात उतरवलेल्या पुस्तकाचे अक्षर हवे तेवढे मोठे होते. मीही आता सुट्टीत तिथे थोडे मुद्रितशोधन करते. एखादा निसटलेला अनुस्वार जागेवर बसवण्याइतके समाधान मला क्वचितच कशाने मिळते.

शनिवारी शेवटच्या तासिकेला नववीच्या वर्गात मी याच ई-रीडरवरून प्रकटवाचन घेते. एक विद्यार्थिनी पाठ्यपुस्तक डोळ्यांजवळ नेऊन अडखळत वाचत असे आणि तिचा वाचनाचा सराव कमी पडतो, असे मी धरून चालले होते. अक्षर मोठे करून मी ई-रीडर तिच्या हातात दिला, तेव्हा तिने दोन पाने सलग, योग्य ठिकाणी थांबत वाचली. त्याच संध्याकाळी मी तिच्या आईला फोन करून तिचे डोळे तपासून घ्यायला सांगितले. चष्मा आल्यावरही शनिवारचे पहिले पान वाचायला तीच पुढे येते.