तुम्ही विचारलंत म्हणून: शुभारंभ, उद्घाटन की प्रारंभ?

मालवणात माझं डीटीपी आणि पत्रिका छपाईचं छोटं दुकान आहे, आणि दिवसाआड कुणीतरी काउंटरवर हात टेकून विचारतंच, ताई, शुभारंभ लिहू, उद्घाटन लिहू की नुसतं प्रारंभ? घाईत काहीतरी सांगून मोकळी होते, आज नीट लिहिते.

उद्घाटन म्हणजे उघडणं. दुकान, हॉल, वाचनालय, जे बंद आहे ते उघडतात त्याचं उद्घाटन. (आणि त्यात घ आहे हो, ध नाही! फ्लेक्सवर 'उद्धाटन' दिसलं की जीव कळवळतो.) आपल्या चिपी विमानतळाचं ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं ते उद्घाटन, आणि त्याच दिवशी मुंबईचं विमान सुरू झालं तो विमानसेवेचा शुभारंभ.

आरंभ हा शब्द मला फार आवडतो. त्यातला धातू रभ्, म्हणजे धरणं, म्हणून आरंभ म्हणजे काम हाती घेणं. प्रारब्धसुद्धा त्याच धातूचं, प्रारंभ आणि प्रारब्ध एकाच घरातले. शुभ + आरंभ झाला शुभारंभ, मग पुढे परत 'शुभ शुभारंभ' किंवा 'शुभारंभाची सुरुवात' कशाला? वेळ सांगायची असेल तिथे साधं 'प्रारंभ सायं. ६ वा.' पुरतं, आणि शोकसभेच्या पत्रकातही प्रारंभच, तिथे शुभ लावू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा त्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. अशाच एका जुलैत एक म्हातारे आजोबा नव्या होडीची पत्रिका करायला आले, कागदावर कुणीतरी 'होडीचे उद्घाटन' लिहून दिलेलं, पण त्यांना ते पटत नव्हतं. म्हणाले, "बाय, होडयेचा उद्घाटन म्हणतत काय?" मी म्हटलं, नाही आजोबा, होडी काय कुलूप लावून ठेवलीय? 'मासेमारीचा शुभारंभ' करूया. आणि आरंभ म्हणजे हात घालणं हेही सांगितलं. ते जरा वेळ प्रूफकडे बघत राहिले, मग म्हणाले, होडी एकट्यान लोटूची नाय, सगळ्यांचे हात व्हये, ता पण लिव.

म्हणून वर मोठ्या अक्षरात शुभारंभ, आणि खाली त्यांचीच ओळ छापली: होडी लोटूक येवा.