सावकाश होऊ द्या

पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे बायको चादरी बदलते, आई फराळाचे डबे खाली काढते आणि मी पाना घेऊन मशीनच्या पोटात डोकं घालतो. जॉयस्टिकचे नट आवळायचे, एकेक बटण दाबून बघायचं, मागच्या फळीला कुलूप आहे ना ते पाहायचं. नौपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये, शहाण्या माणसांच्या घरी जिथे शोकेस असते तिथे, हे धूड उभं आहे. प्लायवूडचा पुरुषभर उंच खोका, त्यावर लाल सनमायका, आत जुनी काचेची पिक्चर ट्यूब. स्टेशनजवळचं एक व्हिडिओ गेम पार्लर बंद झालं तेव्हा भंगारवाल्याच्या आधी मी पोचलो, एवढीच माझी कर्तबगारी.

त्यात ‘मुस्तफा’ चालतो. कागदोपत्री नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढलेला गेम. पण या नावाने तो ठाण्यात कुणी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. चौघांतला पिवळ्या टोपीवाला मुस्तफाच सगळ्यांना हवा असायचा, म्हणून गेमचंही नाव मुस्तफा पडलं. माझ्या वयाच्या पाहुण्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘अरे, हे अजून चालतं?’ आणि उत्तर यायच्या आत त्याच्या बाह्या वर गेलेल्या असतात.

लोकांना वाटतं, मशीनला धोका पोरांचा. तसं काही नाही. आजची पोरं आधी पडद्यावर बोट फिरवून बघतात. काही सरकत नाही म्हटल्यावर ‘बंद आहे वाटतं’ असं ठरवून आपापल्या मोबाइलकडे वळतात. काचेवर चकलीच्या तेलाचे ठसे राहतात, ते पुसले की झालं. एका भाच्याने मात्र फ्रिजवरचा चुंबक काढून पडद्याला लावून बघितला होता. रंगीत पिक्चर ट्यूबच्या आत, काचेच्या जरा मागे, बारीक भोकांची एक धातूची जाळी असते. तिच्यातून इलेक्ट्रॉनचा झोत नेमक्या रंगाच्या ठिपक्यावर पडतो. जाळीत चुंबकत्व शिरलं की झोत भलत्याच ठिपक्यावर जातो. मुस्तफाची पिवळी टोपी डाव्या कोपऱ्यात गेली की हिरवी व्हायची. भाच्याला ही सुधारणाच वाटली. मशीन चालू करताना आतली डीगॉसिंग कॉइल ‘ढण्ण’ करून ते चुंबकत्व घालवते. थोडं थांबून पुन्हा चालू, पुन्हा बंद, असं करत टोपी एकदाची जागेवर आली.

खरी भीती चाळिशी ओलांडलेल्या बाप्यांची. मशीनसमोर उभं राहिलं की मन बारा वर्षांचं होतं, वजन मात्र ऐंशी किलोच राहतं.

जॉयस्टिकच्या दांड्याखाली चार दिशांना चार छोटे स्विच असतात. दांडा काही मिलिमीटर कलला की त्या बाजूचा स्विच ‘टिक’ करतो आणि मशीनला कळायचं ते कळतं. त्यापुढे लावलेला सगळा जोर स्क्रूंना, प्लायवूडला आणि मला सोसावा लागतो. दांडा मुळापासून पिरगाळला म्हणून मुस्तफा जास्त जोरात धावत नाही. पण हे सांगायचं कुणाला? खेळणाऱ्याचा अख्खा देह डावीकडे झुकलेला असतो, जिभेचं टोक ओठाबाहेर आलेलं असतं आणि समोर डायनोसॉर असतो.

जोर मोजणारं मशीन मात्र एकदा खरंच निघालं होतं. १९८७ चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’, तोही कॅपकॉमचाच. त्याच्या मोठ्या मॉडेलला दोन जाड रबरी बटणं होती, एक ठोशाचं, एक लाथेचं. जितक्या जोरात हाणाल तितका पडद्यावरचा फटका जोरकस. लोकांनी अर्थातच बुक्क्यांनी हाणलं. हात दुखावले, मशीनं मोडायला लागली. मग त्या जागी हलका, मध्यम, जोरदार असे तीन ठोसे आणि तीन लाथा मिळून सहा साधी बटणं आली. १९९१ च्या दुसऱ्या भागाने ही सहा बटणं जगभर पोचवली आणि ती माझ्या सनमायक्यावरही आली, कारण पार्लरवाला हंगामाप्रमाणे आतला बोर्ड बदलायचा. मुस्तफाला त्यांतली दोनच लागतात, मारायचं आणि उडी मारायचं. उरलेली चार कशालाच जोडलेली नाहीत. माझं निरीक्षण असं की सगळ्यात जास्त मार तीच चार खातात. मला ती काढून भोकं बुजवता आली असती. मुद्दाम ठेवली आहेत.

तसं या जमातीचं बारसंच बारमध्ये झालं. १९७२ मध्ये अटारी कंपनीने ‘पाँग’चं पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये, अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये ठेवलं. काही दिवसांनी निरोप आला, मशीन बंद पडलंय. ते बनवणारा इंजिनिअर अ‍ॅलन अल्कॉर्न बघायला गेला, उघडलं, तर बिघाड काही नव्हता. नाण्यांचा डबा भरून वाहत होता. गिऱ्हाईक कोण आहे, कुठल्या अवस्थेत येणार आहे, हे बनवणाऱ्यांना असं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याआधीच्या पिनबॉलवाल्यांनाही होतं. त्यांनी १९३० च्या दशकातच टेबलाच्या आत गवंड्याचा ओळंबा टांगला, फक्त बोटाएवढा, एका धातूच्या कड्याच्या मधोमध. कुणी टेबल गदगदा हलवलं की ओळंबा कड्याला टेकतो, वीज जोडली जाते, ‘टिल्ट’ असा दिवा लागतो आणि चेंडू गेला. पुढे व्हिडिओ गेमच्या नाणं टाकायच्या दाराआडही असाच एक स्विच आला. फुकटचा डाव मिळेल म्हणून दाराला लाथ मारली की गेम पहिल्यापासून सुरू. मला हा न्याय फार आवडतो. वाद नाही, पंच नाही, आवाज चढवणं नाही.

पण पार्लरमध्ये खरा बंदोबस्त ओळंब्याचा नव्हता. गल्ल्यापाशी शेठ बसलेला असायचा. तो मान वर न करता, नुसत्या आवाजावरून ओळखून ओरडायचा, ‘ए पिवळा शर्ट, बापाचा माल आहे काय?’ पिवळा शर्ट लगेच दोन बोटांनी खेळायला लागायचा. मशीनबरोबर मला चाव्या मिळाल्या, जादा बटणं मिळाली, वायरिंगचा मळका कागदसुद्धा मिळाला. तेवढा एक सुटा भाग मिळाला नाही.

आणि मिळून तरी काय उपयोग? गिऱ्हाइकावर ओरडता येतं. तो रुपया टाकतो, दहा मिनिटांत जातो, राग आला तर पलीकडच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये जातो. पाहुण्याचं तसं नाही. त्यातून तो पाहुणा म्हणजे ताईचे यजमान असतील तर बोलायलाच नको. जावई हा दहावा ग्रह, असं आपल्या पूर्वजांनी संस्कृतात लिहून ठेवलंय. बाकीच्या नऊ ग्रहांनी माझी जॉयस्टिक कधी उपटलेली नाही.

भाऊजी स्वभावाने अत्यंत मवाळ. भाजीवाल्याशी घासाघीस करत नाहीत, रिक्षावाला नाही म्हणाला तर ‘बरं’ म्हणून पुढच्याला विचारतात. मशीनसमोर मात्र त्यांच्यात काय संचारतं कळत नाही. ते बटण दाबत नाहीत, त्याला शिक्षा करतात. मागे उभा राहून मी म्हणतो, ‘भाऊजी, सावकाश होऊ द्या.’ मला याहून कडक काही बोलता येत नाही. पंगतीत यजमानाने ओळींमधून फिरत म्हणायचं हे वाक्य. भाऊजी ते पंगतीतल्या अर्थानेच घेतात आणि आणखी एक डाव वाढून घेतात.

तेव्हा बोलायचं ते मशीननेच बोलावं, अशी व्यवस्था मी हळूहळू करत आणली. आधी सरबताचा प्रश्न सोडवला. कंट्रोल पॅनल हे साधारण कमरेच्या उंचीवर, पुढे आलेलं, थोडं उतरतं असतं. हातातला पेला ठेवायला ती जागा माणसाला बोलावतेच. कोकम सरबत सांडलं तर पाण्याचं काही नाही, ते वाळतं. साखर मात्र बटणाच्या कडेने आत जाते आणि मग दाबलेलं बटण वर यायला विचार करतं. जपान्यांनी हे ओळखलं होतं. १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला (आपलं गडकरी रंगायतनही त्याच वर्षाचं), तेव्हा तिथल्या कॉफीच्या दुकानांत टेबलाच्या रूपातली मशीनं होती. पडदा काचेखाली, काचेवर कप. माझं मशीन उभं, म्हणून मी शेजारी एक तिपाई ठेवली आणि तिच्यावर घडी केलेला नॅपकिन. काहीही सांगावं लागत नाही. पेला तिपाईवर जातो, चिवड्याचे हात नॅपकिनला.

खोका भिंतीला लोखंडी पट्टीने जखडला. रेलणाऱ्यांची एक वेगळीच जात असते, आणि पिक्चर ट्यूबची मान मागच्या बाजूला अगदी नाजूक असते. तिला तडा गेला की आतली निर्वात पोकळी गेली, ट्यूब संपली. पावसाळ्यात प्लायवूड लादीवरची ओल पितं, म्हणून खाली रबराचे पाय दिले. मागचं कुलूप मात्र मशीनसाठी नाही, माणसांसाठी आहे. ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत दबा धरून असतो. ‘बघू रे, आत काय आहे’ म्हणणारा पाहुणा दर कुटुंबात निदान एक असतो. खंडेनवमीला आई मशीनला झेंडूचा हार घालते आणि कुंकू लावते. त्या दिवशी खेळायला आलेले आधी नमस्कार करतात आणि आश्चर्य म्हणजे बेताने खेळतात. पण वर्षभर रोज हार घालणं परवडत नाही.

सगळ्यात गुण आला तो नाण्याने. सुरुवातीला मी ‘फ्री प्ले’ ठेवलं होतं, घरच्याच माणसांकडून पैसे काय घ्यायचे म्हणून. मुस्तफा मेला की लोक स्टार्टचं बटण बुक्कीने बडवायचे आणि पुन्हा सुरू. आता वाटीत रुपयाची नाणी ठेवलेली असतात. ज्याला खेळायचं त्याने घ्यावीत, फुकटच आहेत. पण मुस्तफा मेला की वाटीकडे वळावं लागतं, वाकून फटीत नाणं घालावं लागतं, ते खडखडत खाली गेल्याचं ऐकावं लागतं. तेवढ्यात निम्मा राग उतरलेला असतो. नाणी मात्र जुनी लागतात. माझ्या मशीनची फट १९९२ पासूनच्या पंचवीस मिलिमीटरच्या पोलादी रुपयाच्या मापाची. २०११ नंतरचा रुपया जेमतेम बावीस मिलिमीटरचा, तो टाकला तर क्रेडिट न देता सरळ खाली जातो. जुने रुपये मी भाजीवाल्यांकडून जमवले आणि थोडे आईच्या पूजेच्या डब्यातून, तिच्या नकळत.

भाऊजींवर नाण्याचाही परिणाम झाला नाही. वाटी कमरेशी घेऊन खेळले. तेव्हा त्यांच्यापुरता मी टेस्ट मोडमध्ये गेलो आणि गेमची काठिण्यपातळी सगळ्यात खाली आणली. जावयाला घरात हरू द्यायचं नसतं, हे तर आपल्याकडे कुणी शिकवावंही लागत नाही. आणि काय सांगू, माणूस बदलला! मुस्तफा मरेचना, तेव्हा मारण्यासारखं काही उरलंच नाही. दोन बोटांत दांडा, बटणावर नुसता अंगठा, मधूनच वळून ताईशी गप्पा. जिंकणारा माणूस मशीनला हात लावतो तो असा.

गेल्या खेपेला मात्र जाताना चपला घालता घालता म्हणाले, ‘मला वाटतं माझा हात आता चांगलाच बसलाय. पुढच्या शनिवारी ऑफिसातल्या चौघांना घेऊन येतो. आणि जरा अवघड करून ठेव रे, फारच सोपं जातंय.’

मी हो म्हटलंय. शुक्रवारी पॅनलखाली पत्रा मारायला सुतार येतोय.