चार स्टिक, ३६०० आणि मे महिन्यातली दुपार : क्रॅशच्या शोधाची नोंद

मशीन : रायझन ७ ५७००एक्स, बी५५० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबीच्या चार डीडीआर४ रॅम स्टिक. दोन जुन्या, दोन नंतर घेतलेल्या, चारींवर मॉडेल नंबर एकच. एक्सएमपी (स्टिकवरच नोंदलेली, कंपनीने ठरवलेली जास्त वेगाची सेटिंग) ३६००, टायमिंग (रॅम किती क्लॉक थांबते ते आकडे) १८-२२-२२-४२, १.३५ व्होल्ट. कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी बायोसमधली सेटिंग) सगळ्या कोअरना उणे ३०. ठिकाण कोथरूड, वरचा मजला, खोलीत एसी नाही.

लक्षणं

नव्या स्टिक बसल्यापासून दिवसाला दोन-तीन ब्लू स्क्रीन. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी आयआरक्यूएल. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलचा तपासणी-आकडा जुळत नाही), पुन्हा उघडली की व्यवस्थित. दरवेळी एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर आधी ड्रायव्हर बघायचा. कोड दरवेळी बदलत असेल तर संशय रॅमवर. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) कर्नल-पॉवर ४१ वर वेळ घालवू नका. मशीन नीट शट डाउन न होता बंद पडलं एवढंच तो सांगतो, कारण सांगत नाही.

पहिलं काम बॅकअप. रॅम चुकीचे बिट देत असेल तर त्या काळात सेव्ह झालेली प्रत्येक फाइल बिघडू शकते. म्हणून चाचण्या संपेपर्यंत विंडोज अपडेट बंद आणि फॉरमॅट तर अजिबात नको.

एक्सएमपी बंद : अर्धंच उत्तर

एक्सएमपी बंद केल्यावर स्टिक २६६६ ला, १.२ व्होल्टवर चालल्या. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार पास स्वच्छ, ब्लू स्क्रीन थांबले. तरी मशीन रिकामं असताना, नुसता ब्राउझर उघडा असताना, अचानक रीस्टार्ट व्हायचंच. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते आणि एकमेकांत मिसळले होते.

या रीस्टार्टनंतर व्हिया-लॉगर १८ ची नोंद (विंडोजने टिपलेली हार्डवेअरची चूक) होती, त्यात एपिक आयडी (चूक कुठल्या कोअरवर झाली तो क्रमांक) १०. आठ कोअरच्या या चिपमध्ये आयडी ० ते १५, प्रत्येक कोअरला दोन. दहाला दोनाने भागलं की कोअर ५, मोजणी शून्यापासून. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे उणे ३० ला ९० ते १५० मिलिव्होल्ट कापले जातात. सगळ्या कोअरवर लोड असताना क्लॉक खाली असतो, तेव्हा हे खपून जातं. रिकाम्या मशीनवर एखादं छोटं काम आलं की एकटा कोअर क्षणभर ४.६ गिगाहर्ट्झला उडी मारतो आणि नेमकं तिथे व्होल्टेज कमी पडतं. सगळ्या कोअरवर लोड टाकणारं सिनेबेंच तासभर चाललं म्हणून कर्व्ह पक्का धरू नये, ते याच कारणाने. कोअर ५ उणे १२ वर आणला, बाकीचे उणे २०. एकेका कोअरला ताण देणारा कोअरसायकलर रात्रभर, एकही एरर नाही.

स्टिक की सेटिंग?

आता पुन्हा एक्सएमपी. प्रत्येक स्टिक एकटी, सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. घालण्याआधी सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलका फिरवला, चुरा ब्रशने झाडला, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल. स्टिक दोन्ही टोकांना सारखी दाबायची. या बोर्डाला एकाच बाजूला क्लिप आहे, तिथला ‘टक्’ ऐकून आपण थांबतो आणि क्लिप नसलेलं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं.

चारही एकेकट्या पास. जुनी जोडी पास, नवी जोडी पास. चारी एकत्र घातल्या की टेस्टमेम५ मध्ये (रॅमचीच आणखी एक चाचणी) पंधरा मिनिटांच्या आत एरर. स्टिकवरची माहिती थायफून बर्नर या प्रोग्रामने वाचल्यावर कळलं की दोन्ही जोड्यांवरच्या चिप वेगळ्या आहेत. मॉडेल नंबर तोच ठेवून आतल्या चिप बदलल्या जातात, म्हणून नंतर घेतलेली ‘तीच’ रॅम तीच असेल असं धरू नका. एक्सएमपीचा ३६०० हा त्या जोडीपुरता दावा असतो, चार स्टिकचा भार ओढणाऱ्या मेमरी कंट्रोलरचा नव्हे.

दोष रॅमऐवजी फॅब्रिकचा, म्हणजे सीपीयूच्या आतले भाग जोडणाऱ्या दुव्याचा, असू शकतो; ३६०० ला त्याचा क्लॉक (एफक्लॉक) १८०० असतो. हा संशय वेगळा काढायची युक्ती सोपी आहे : रॅम २६६६ लाच ठेवून एफक्लॉक हाताने १८०० करायचा. व्हिया १९ च्या नोंदी आल्या तर दोष फॅब्रिकचा. इथे दोन तासांत एकही आली नाही. एसओसी (मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज) १.१० व्होल्ट, व्हीडीडीजी (फॅब्रिकचं व्होल्टेज) आयओडी म्हणजे कंट्रोलरच्या चिपला १.००, सीसीडी म्हणजे कोअरच्या चिपला ०.९५ असं हाताने बसवलं. एसओसी हा व्हीडीडीजीपेक्षा किमान ५० मिलिव्होल्ट वर हवा. ऑटोवर सोडू नका, काही बोर्ड एसओसी १.२ च्या घरात नेऊन ठेवतात.

व्होल्टेज वाढवून काय झालं

चारी स्टिक ३६०० ला ठेवून रॅमचं व्होल्टेज वाढवलं. १.३८ ला एरर उशिरा आला, पण आला. १.४० ला सकाळी सहाला पूर्ण पास आणि दुपारी तीनला, खोली ३७ अंशांवर असताना, नवव्या मिनिटाला एरर. रॅमच्या पेशीतला चार्ज उष्णतेने लवकर गळतो आणि वाढवलेलं व्होल्टेज स्वतःच उष्णता वाढवतं. त्यामुळे पुण्यात मे महिन्यातली चाचणी दुपारीच घ्या, आणि ग्राफिक्स कार्डावरही लोड टाकून. स्टिकवर १२० मिमीचा फॅन रोखल्यावर वेळ वाढली, एरर गेला नाही.

मग ३६०० चा हट्ट सोडला. टायमिंगचा पहिला आकडा १८ आणि वेग ३६०० म्हणजे १० नॅनोसेकंदांचा थांबा, १६ आणि ३२०० म्हणजेही १० च. २२ चे १२.२ नॅनोसेकंद ३२०० ला २० मध्ये बसतात. तोटा फक्त बँडविड्थचा : सेकंदाला ५७.६ जीबीऐवजी ५१.२, तोही कागदावरचा. १६-२०-२०-३८, १.३५ व्होल्ट, एफक्लॉक १६००, गिअर डाउन (रॅमला आदेश जरा सैल वेळेत देणारी सेटिंग) चालू. दुपारच्या तीन चाचण्या लागोपाठ पास.

राहिलेली कामं

विंडोजच्या फाइल दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड : डिझम रिस्टोरहेल्थ, त्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ, याच क्रमाने. दुसऱ्या कमांडला बिघडलेल्या फाइल सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. हे राहून गेलं असतं तर चांगल्या रॅमवरही क्रॅश आले असते.

सप्लायची १२ व्होल्ट लाइन लोडखाली मल्टिमीटरवर ११.९. ११.४ ते १२.६ चालतं, तो विषय संपला.

बायोस अपडेट बाकी आहे. गुरुवार टाळून करायचं, महावितरणची दुरुस्तीसाठीची वीजबंदी बहुधा त्याच दिवशी असते. लांब चाचणीही बुधवारी रात्री लावू नका. सेटिंग चुकून मशीन उठलंच नाही तर सप्लायचं बटण बंद, बोर्डावरचा २०३२ चा सेल पाच मिनिटं बाहेर, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात.

३४६६ ची चाचणी, एफक्लॉक १७३३ वर, नव्या बायोसनंतर. तोवर ३२००.